कुंडीतला तीनधारी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच झाडाबद्दलचे आहेत: तीन धारांचं हिरवंगार खोड, धारेवर जोडीजोडीने आखूड काटे आणि काट्यांच्या मधून निघालेली चमच्यासारखी छोटी पानं. नर्सरीत ते ‘कॅक्टस’ म्हणून विकलं जातं, पण ते कॅक्टस नाही. शास्त्रीय नाव युफोर्बिया ट्रायगोना, मूळ आफ्रिकेतलं. आपल्या बांधावरच्या शेराचं आणि थोराचं हे भावंड. कॅक्टसचे काटे लव असलेल्या छोट्या गादीतून निघतात, इथे तशी गादी नसते, आणि जरा ओरखडा गेला की पांढरा चीक वाहतो. हा फरक नावापुरता नाही. चिकामुळे कापायची, लावायची, हाताळायची सगळी रीतच बदलते.

प्रश्न: मार्चमध्ये चार फुटी झाड घेतलं. दहा इंची प्लॅस्टिकची कुंडी आहे, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलीय. नर्सरीवाल्याने आठवड्यातून एकदा पाणी घाला सांगितलं, म्हणून दर रविवारी एक तांब्या घालतो. जुलैपासून बुंधा मातीलगत पिवळट-तपकिरी झालाय, दाबला की आत जातो आणि झाड भिंतीकडे कललंय. पाणी बंद करूनही फरक नाही. (घोडबंदर रोड, ठाणे)

आता पाणी बंद करून उपयोग नाही. बुंधा कुजलाय आणि कुजलेला भाग पुन्हा बरा होत नाही. वरचा भाग मात्र वाचू शकतो. ते काम या आठवड्यातच करा, कारण कुज खोडाच्या मधल्या गाभ्यातून वर चढते. बाहेरून हिरवं दिसणारं खोड आतून आणखी चार-सहा इंच आधीच गेलेलं असू शकतं.

जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि डोळ्यांवर चष्मा, एवढी तयारी आधी करा. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा. कापायला हॅकसॉचं पातं किंवा लांब दातेरी सुरी घ्या आणि ती स्पिरिटने पुसा. मऊ लागतंय त्याच्या किमान चार इंच वर आडवा काप घ्या आणि कापलेला पृष्ठभाग नीट पाहा. निरोगी खोड आतून फिकट हिरवट-पांढरं असतं आणि चीक लगेच, दाट, सगळीकडून सारखा येतो. मधल्या कड्यात तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसल्या, किंवा एखाद्या बाजूने चीकच आला नाही, तर कुज अजून वर आहे. पातं पुन्हा स्पिरिटने पुसा आणि दोन इंच वर काप घ्या. एकही ठिपका उरत नाही तोवर हेच. इथे जीव तोडून दोन इंच वाचवायला गेलात, तर महिन्याभराने उरलेलं सगळं झाड जातं.

स्वच्छ काप मिळाला की स्प्रे बाटलीने त्यावर साधं पाणी मारा, चीक गोठून थांबतो. मग कागदाने टिपून घ्या. वर गंधकाची भुकटी किंवा दालचिनीची पूड चोळली तर चांगलं. हळद लावली तरी बिघडत नाही, पण खरं काम सुकण्याचंच आहे. तुकडा आडवा ठेवू नका. आडवा पडला की शेंडा उजेडाकडे वळतो आणि खोड कायमचं वाकडं होतं. रंगाच्या रिकाम्या बादलीत चुरगळलेले कागद भरा, त्यात तो उभा करा आणि पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत ठेवा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत कापावर कोरडी, कडक खपली धरते. जुलै-ऑगस्टच्या हवेत तीन आठवडे धरून चाला. घाई नको. या झाडाच्या खोडात पाणी साठलेलं असतं, महिनाभर मातीविना ते सहज राहतं.

खपली नखाने टकटक वाजली की लावा. तीन फुटांचा तुकडा मुळांशिवाय उभा राहत नाही, म्हणून तो शक्यतो दीड-दोन फुटांचा करा. सहा इंची कुंडीत पूर्ण कोरडं मिश्रण घ्या (कृती पुढे दिली आहे), तुकडा तीन-चार इंच आत रोवा आणि दोन बाजूंना बांबूच्या काठ्या लावून बांधा. बांधायला सुतळी नको, ती धार कापते. जुन्या सुती साडीची पट्टी आठाच्या आकारात फिरवा. पहिले दहा दिवस पाणी नाही. नंतर दर दहा-बारा दिवसांनी कडेने अर्धी वाटी. सहा ते आठ आठवड्यांनी शेंड्याला नवी पानं दिसली आणि हलकं ओढल्यावर झाडाने मूठ धरल्यासारखा विरोध केला, की मुळं आली.

आता हे झालं कशाने. नर्सरीतून येणारं झाड बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते हलकं, वाहतुकीला सोयीचं आणि पाणी धरून ठेवणारं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उकाड्यात एक तांब्या पाणी चार-पाच दिवसांत उडून जातं. जुलैत आपल्याकडच्या हवेत आधीच इतका ओलावा असतो की कुंडीतून पाणी उडायला जागाच नाही, ढगांमुळे उजेड कमी असल्याने झाडही पाणी पीत नाही, आणि तुमचा रविवार मात्र दर आठवड्याला येतोच. वरचं बोटभर कोकोपीट कोरडं दिसतं, आतला गोळा पिळून काढलेल्या स्पंजसारखा महिनाभर ओला राहतो. मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात आणि मेलेल्या मुळांवाटे बुरशी खोडात शिरते. ‘आठवड्यातून एकदा’ हा सल्ला उन्हाळ्यात चालून जातो म्हणूनच घातक आहे. तीन महिने झाड छान दिसतं आणि माणसाचा त्यावर विश्वास बसतो.

वार धरून पाणी घालण्याऐवजी खराट्याचा एक हीर घ्या. तो कुंडीच्या कडेने, मुळं चुकवत, थेट तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. हिराला ओली माती चिकटली किंवा तो गार लागला, तर पाणी नाही. पूर्ण कोरडा निघाला तर भरपूर पाणी: दहा इंची कुंडीला एक ते सव्वा लिटर, सावकाश, तळाच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत. अर्ध्या तासाने बशीतलं पाणी ओतून टाका. चांगल्या मिश्रणातल्या, खिडकीलगतच्या झाडाला मार्च ते मे दर आठ-दहा दिवसांनी, ऑक्टोबरात दहा-बारा दिवसांनी, थंडीत पंधरा ते वीस दिवसांनी आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून फार तर एकदा पाणी लागतं. हा अंदाज आहे. शेवटचा शब्द हिराचा.

प्रश्न: आमच्या झाडाचा खालचा सहा इंच भाग तपकिरी, खरखरीत झालाय. हीसुद्धा कुज का? (खारघर)

दाबून पाहा. कडक, कोरडा, लाकडासारखा लागत असेल आणि रंग तळाकडून वर हळूहळू फिकट होत गेला असेल, तर ती साल धरतेय. वजन पेलायला जुनं खोड असं होतंच. कुज मऊ असते, कडा ओलसर-काळपट दिसतात, वास येतो आणि ती आठवड्यागणिक वाढताना दिसते. तुमच्या वर्णनावरून साल वाटते. कापू नका.

प्रश्न: दक्षिणेची मोठी खिडकी आहे, झाड तिच्यापासून पाच-सहा फुटांवर. तरी वर्षभरात आलेली वाढ करंगळीएवढी बारीक आणि खिडकीकडे झुकलेली. लाल जातीचं झाड होतं, तेही हिरवं झालं. ‘दक्षिणेला भरपूर ऊन’ असं सगळीकडे वाचलंय, मग चुकतंय कुठे? (नेरुळ)

ते सल्ले आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तरेकडच्या देशांसाठी लिहिलेले असतात. ठाणे-नवी मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भरदुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस तो हाच) आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणजे मे ते जुलै दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. त्याच्या आगेमागे येतं तेही इतकं उभं की वरचा छज्जा ते अडवतो. डिसेंबरात उलट. तेव्हा दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो आणि सात फूट उंचीच्या खिडकीतून, मध्ये छज्जा नसेल तर, ऊन सहा फूट आत येतं. तुमचं झाड डिसेंबर-जानेवारीत ऊन खातं आणि उरलेले महिने खोलीच्या उजेडावर काढतं. लाल रंगद्रव्य टिकायलाही कडक उजेड लागतो, म्हणून ते हिरवं झालं.

पूर्वेची खिडकी या झाडाला सगळ्यांत चांगली: सकाळचं तीन-चार तासांचं ऊन वर्षभर मिळतं. पश्चिमेचं ऊन चालतं, पण तिकडून पावसाचा मारा येतो. दक्षिण असेल तर झाड काचेपासून एक फुटाच्या आत हवं. उजेड पुरेसा आहे का ते पाहायला सकाळी अकराला झाडाच्या खोडावर हाताची सावली पाडा. बोटं वेगळी, काठ स्पष्ट दिसले तर ठीक. नुसता धुरकट डाग दिसला तर जागा बदला. फोनमधल्या लाइट मीटर ॲपवर दिवसातले काही तास दहा हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) दिसावेत. दोन हजारांत झाड मरत नाही, पण तुमच्याकडे झालंय तसंच होतं. जागा बदलणं शक्यच नसेल तर २० ते ३० वॉटचा पांढरा एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून फूटभर अंतरावर, रोज दहा-बारा तास.

एक सावधगिरी. सावलीत वाढलेलं झाड एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत पांढरट-तपकिरी चट्टे पडतात आणि ते कधीच जात नाहीत. पहिल्या आठवड्यात रोज एक तास, दुसऱ्यात दोन, असं तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या. पंधरा दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवली की झुकणं थांबतं. जी मान बारीक झालीय ती मात्र पुढे जाड होणार नाही. तिच्यावर जाड वाढ आली तर तिथेच मोडेल. फेब्रुवारीत ती बारीक सुरू होते तिथून छाटा.

प्रश्न: मिश्रण कशाचं करावं? बाजारातली ‘कॅक्टस माती’ घेतली तर चालेल का? आणि भोक नसलेली सिरॅमिकची सुंदर कुंडी आहे, तळाला खडी घालून वापरता येईल? (कोपरखैरणे)

तयार पिशवी फोडून मूठभर ओली करा आणि दाबा. लाडू वळला तर ती कॅक्टसची माती नव्हे, पिशवीवर काहीही लिहिलेलं असो.

दहा इंची कुंडीला साधारण आठ लिटर मिश्रण लागतं. एक लिटरचा डबा माप म्हणून घ्या. तीन डबे विटांचे तुकडे (हरभरा ते चण्याच्या डाळीएवढे, भुगा चाळून टाकलेला), दोन डबे जाड वाळू, दोन डबे लाल माती, एक डबा गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड. वाळू पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडते ती बारीक वाळू नको, वर राहते ती घ्या आणि तीन-चार पाण्यांनी धुवा. बांधकामावरून आणलेली असेल तर जास्तच, कारण त्यात खारटपणा किंवा सिमेंट असू शकतं. विटांऐवजी प्युमिस किंवा परलाइट (दोन्ही नर्सरीत मिळणारे सच्छिद्र, हलके खडे) मिळालं तरी चालतं, पण परलाइट फार हलकं, उंच झाडाला बुडात वजन हवं असतं. कुंडी भरून झाली की एक लिटर पाणी ओतून पाहा. वर तळं न साचता पाणी झरझर खाली गेलं आणि अर्ध्या मिनिटात भोकातून येऊ लागलं, तर मिश्रण जमलं.

भोक नसलेली कुंडी नको, खडी घालूनही नको. खडीचा थर निचरा वाढवतो हा समज घट्ट बसलेला आहे, पण होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही, ते सीमेवर अडून राहतं आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरे. सिरॅमिकची कुंडी टाकायची नसेल तर तिच्यात भोकं असलेली साधी कुंडी उतरवून ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

मातीची कुंडी सर्वांत चांगली, ती भिंतीतून ओलावा सोडते आणि जड असते. चार फुटी झाडाला दहा ते बारा इंची. मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन इंचांहून मोठी नको. जास्तीची माती म्हणजे मुळं न पोहोचलेला ओला चिखल. नव्या झाडाचा कोकोपीटचा गोळा तसाच नव्या मातीत ठेवला, तर आत तोच स्पंज राहतो. तो बोटांनी आणि काडीने जमेल तितका सोडवा, तुटलेली मुळं छाटा आणि कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी घालू नका. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, दोन-तीन वर्षांतून एकदा.

उंच झाड हलवायला माणसं दोन लागतात. झाडाभोवती जुनी गोधडी गुंडाळून दोन ठिकाणी बांधा, कुंडी आडवी करा, एकाने खोड धरायचं, दुसऱ्याने कुंडी ओढायची. काटे हातमोज्यातूनही लागतात, गोधडीतून कमी लागतात.

प्रश्न: कुंडी सरकवताना फांदी मोडली आणि चीक हाताला लागला. नकळत डोळा चोळला. आग झाली, पाण्याने धुतल्यावर कमी झाली. घरात चार वर्षांचा मुलगा आणि मांजर आहे. झाड ठेवावं का? (वाशी)

आधी डोळ्याबद्दल. या चिकाचा त्रास पहिल्या तासातच संपेल असं नाही. आग कमी होऊन काही तासांनी पुन्हा वाढते, धूसर दिसू लागतं, उजेड सहन होत नाही. त्यामुळे चीक डोळ्यात गेला की वाहत्या नळाखाली, पापण्या उघड्या धरून, घड्याळ लावून १५ ते २० मिनिटं धुवायचं, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, आणि बरं वाटलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. झाडाचा फोटो सोबत न्या. गुलाबपाणी, दूध, मध असलं काही घालू नका. तुम्हाला अजूनही लाली किंवा अंधुकपणा असेल तर हे वाचून झाल्यावर थांबू नका.

त्वचेला लागला तर साबण लावून दोनदा धुवा, नुसत्या पाण्याने तो निघत नाही. धुऊन होईपर्यंत चेहऱ्याला हात लावायचा नाही. तोंडात गेला तर तोंड-घसा भाजल्यासारखा होतो, उलट्या होतात. उलटी मुद्दाम काढू नका, डॉक्टर गाठा. मांजराने चावलं तर लाळ गळते, उलटी होते, तेव्हा पशुवैद्य.

झाड ठेवावं का? चार वर्षांच्या मुलाचा डोळा बरोबर या झाडाच्या काट्यांच्या उंचीवर येतो. आमचं मत स्पष्ट आहे: मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ते बंद गॅलरीत किंवा दाराआडच्या खोलीत ठेवा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. उंच आणि बिनकाट्याचं काही हवंच असेल तर सान्सेव्हिएरिया (स्नेक प्लांट) घ्या. चावून खाल्लं तर तेही मांजराला बाधतं, पण काटे नाहीत आणि डोळा जाळणारा चीक नाही.

प्रश्न: एसी सुरू केल्यापासून पानं पिवळी पडून गळताहेत. (ऐरोली)

खोड टणक असेल तर काळजी नको. हे झाड पानांवर नव्हे, हिरव्या खोडावर जगतं. थंड झोत, जागाबदल, फार कोरडी माती किंवा फार ओली माती, यांपैकी काहीही झालं की ते आधी पानं टाकतं. एसीचा झोत थेट येत असेल तर कुंडी हलवा आणि हीर घालून माती पाहा. उजेड चांगला असेल तर नवी पानं शेंड्याकडून येतील. खालच्या भागावर गळलेली पानं पुन्हा येत नाहीत.

प्रश्न: धारांच्या खोबणीत कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतंय. पुसलं तरी परत येतं. (कोपरी, ठाणे पूर्व)

पिठ्या ढेकूण. कापूस म्हणजे त्याच्या अंड्यांची आणि मेणाची पिशवी, म्हणून नुसतं पुसून किंवा पाणी मारून भागत नाही. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक ठिपक्याला लावा, काट्यांच्या बुडाशी विशेषतः. मेण विरघळून खालचा किडा नारिंगी-तपकिरी दिसला की समजा लागला. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली नीम तेल आणि दोन मिली भांड्यांचा लिक्विड साबण नीट घुसळून संध्याकाळी फवारा. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस थांबा, काही झाडांच्या सालीवर तेलाचे डाग पडतात. फवारल्यावर दोन-तीन दिवस उन्हात नको. दर सात दिवसांनी असं तीनदा करावं लागतं, कारण अंडी टिकतात आणि आठवड्याभराने पिल्लं बाहेर येतात. दुसऱ्या फवारणीनंतर ‘गेले’ म्हणून सोडून देणाऱ्यांकडेच ते महिन्याने परत येतात.

तीन फेऱ्यांनंतरही आले तर कुंडीतून झाड काढून मुळं पाहा. मुळांवरही असेच पांढरे पुंजके असले तर सगळी माती फेकून, मुळं धुऊन, सुकवून नवी कुंडी. मुंग्या येत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच या किड्यांना इकडून तिकडे नेतात.

रस्त्याच्या, मेट्रोच्या कामाची धूळ धारांवर बसत असेल तर ती मऊ ब्रशने झाडा. धुळीच्या थराखाली कीड दिसत नाही आणि उजेडही अडतो.

प्रश्न: झाड छताला टेकायला फूटभर राहिलंय. शेंडा कापला तर चालेल? (सीवूड्स)

चालेल, पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पावसाळ्यात केलेली जखम लवकर सुकत नाही. बाजूच्या फांद्या खोडाला जिथे बारीक कंबरेने जोडलेल्या असतात तिथे कापल्या तर जखम रुपयाएवढीच राहते. आधी तशा काढून भागतं का पाहा. मुख्य खोड कापायचंच असेल तर छतापासून दोन फूट खाली जा, कारण कापाच्या खालच्या धारांमधून दोन ते चार नवे शेंडे फुटतात आणि तेही वरच जातात. हातमोजे, चष्मा, पाण्याचा फवारा, सगळं पहिल्या उत्तरातल्यासारखं. कापलेले तुकडे वर सांगितलेल्या रीतीने लावता येतात. तेवढी वाढ नको असेल तर खत थांबवा. एरवीही मार्च ते मे महिन्यातून एकदा, १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला एक ग्रॅम, एवढं पुरे.

प्रश्न: काटेरी झाड घरात ठेवू नये म्हणतात. खरं का? (कळवा)

वास्तूचं आम्हाला सांगता येणार नाही. जाण्यायेण्याच्या वाटेत आणि सोफ्याच्या पाठीमागे मात्र खरंच ठेवू नये.

प्रश्न: बॉक्स ग्रिलमध्ये ठेवलं तर? (वसंत विहार, ठाणे)

उजेडाला उत्तम, पण तीन गोष्टी तपासा. ओल्या दहा इंची मातीच्या कुंडीचं वजन १५ किलोपर्यंत जातं, तेव्हा ग्रिलचे भिंतीतले बोल्ट गंजलेले नाहीत ना ते बघा. कुंडी ग्रिलच्या सळईला तारेने बांधा. जून ते सप्टेंबरचा वारा चार फुटी झाडाला शिडासारखा ढकलतो आणि खाली माणसं चालत असतात. आणि पहिल्या जोरदार सरीआधी ती आत घ्या किंवा वर पत्र्याचा आडोसा करा. बशी पावसाळाभर काढून ठेवा. डासांच्या अळ्यांसाठी तपासणी होते तेव्हा दंड तिच्यामुळेच बसतो.

प्रश्न: ‘मादागास्कर पाम’ म्हणून काटेरी खोडाचं, डोक्यावर पानांचा झुबका असलेलं झाड घेतलं. डिसेंबर-जानेवारीत सगळी पानं गळाली. मेलं का? (पनवेल)

ते पाम नाही, पॅकिपोडियम आहे. तेही चीक नसलं तरी विषारी रसाचं, तेव्हा हात धुवाच. थंडीत पानं टाकून झोपणं हा त्याचा स्वभाव. खोड तळापासून शेंड्यापर्यंत टणक असेल तर झाड जिवंत आहे. घोटाळा होतो तो पानं गळाली म्हणून पाणी वाढवल्याने. पानं नसताना पाणी पिणारं कुणीच नसतं आणि तेव्हाच ते कुजतं. जानेवारीभर पाणी पूर्ण बंद, कुंडी असेल तितक्या उन्हात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्याला हिरवे कोंब बोटभर झाले की पहिल्यांदा अर्धा लिटर, आणि पंधरा दिवसांनी पूर्ण पाणी.